नोव्हेंबरातली छाटणी

रिपेकाला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, गाड्यांचे बंपर राहत. ऑकलंडच्या उत्तरेला, होकियांगाच्या खाडीत फेरीबोटीवर गाड्या चढवायच्या-उतरवायच्या म्हणजे दिवसभर चाकांकडेच बघावं लागतं. कोणाची गाडी उतारावर मागे सरकते, कोणाचा दिवा फुटलाय, कोणाच्या टपावर धुरी दिलेल्या बोय माशांची पेटी असते, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. आत बसलेला म्हातारा की तरणा, हसतोय की रडतोय, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

म्हणून डिसेंबरातल्या त्या शनिवारी रॉवीनच्या धक्क्यावर एक निळी पिकअप रांगेत सगळ्यांच्या पुढे येऊन उभी राहिली, तेव्हा तिने आधी तिचा घासलेला टायर पाहिला. मग मागच्या हौद्यातलं करवतीचं मशीन. आणि मग खिडकीबाहेर आलेला हात. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे… लिंबाच्या काट्यांचे. असे ओरखडे तिच्याही हातावर होते.

"पलीकडे काम आहे?" तिने विचारलं. जड सामान असलं की गाडी मधोमध घ्यावी लागते, म्हणून ती सगळ्यांनाच विचारायची.

"झाड पाडायचंय," तो म्हणाला. आवाज असा, की जणू मयतालाच निघालाय. "रापाताकाकांच्या घरी. जुनी लिंबोणी आहे, खोडकिड्याने पोखरलीय."

रिपेकाचा इशारा करणारा हात हवेतच राहिला. रापाता तिचा सख्खा मामा, ती त्याच्याच घरी राहायची. आणि ती लिंबोणी म्हणजे तिची लिंबोणी! मामाने तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"या ना," ती गोड हसून म्हणाली. "पुढे या. अजून पुढे… अजून थोडं… बस!"

पलीकडच्या धक्क्याला बोट लागली. दुधाचा टँकर उतरला, प्रवाशांची बस उतरली, मागच्या सगळ्या गाड्या वळसा घालून उतरल्या. निळ्या पिकअपच्या पुढे मात्र साखळी लागलेली.

"अहो, माझी गाडी राहिली!"

"दिसतेय की."

"मला उतरायचंय."

"कशाला?"

"सांगितलं ना, झाड—"

"म्हणूनच," रिपेका म्हणाली आणि तिने या बाजूच्या गाड्या आत घ्यायला सुरुवात केली.

बोट परत निघाली. वरच्या केबिनमधून कप्तान तामातीने डोकं बाहेर काढलं. "रिपेका, त्या पोराला का गं फिरवतेस?"

"हवा खायला आलेत ते!"

पोराने गाडीचं दार उघडलं, खाली उतरला, टोपी काढली. केस भुरे, कान लाल झालेले. भांडायला येतोय म्हणून रिपेकाने कंबरेवर हात ठेवले; पण तो कठड्याला टेकून नुसता उभा राहिला, आणि म्हणाला, "इथून तिवरं छान दिसतात."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

"त्या झाडाखाली काय आहे ठाऊक आहे?" ती म्हणाली. "माझी वार आहे. मी जन्मले तेव्हा आईने स्वतःच्या हाताने खड्डा करून पुरली आणि वर ते रोप लावलं. आई आता नाही. तिच्या हातचं तेवढं एकच उरलंय. लावा त्याला करवत."

वार मातीला परत द्यायची रीत या खाडीवर कोणाला समजावून सांगावी लागत नाही, आणि त्याचं घराणंही इथलंच होतं. पणजोबा सातासमुद्रापलीकडच्या दालमेशियाहून, जमिनीत गाडली गेलेली जुन्या झाडांची राळ खणायला आले ते इथेच राहिले. या लोकांना खाडीवर सगळे 'तारारा' म्हणतात, आणि निम्मे तारारा आता कोणाचे ना कोणाचे जावई आहेत.

"काका हे बोलले नाहीत," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्याने हौद्यात हात घातला, करवतीच्या मशीनची दातेरी साखळी सोडवली, फडक्यात गुंडाळली आणि तिच्या हातावर ठेवली. "ही ठेवा. ही नसली तर मशीन लोणीसुद्धा कापणार नाही. मी फक्त बघतो… मग तुम्ही म्हणाल तेव्हा परत द्या."

रिपेकाने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. डोळे खाडीच्या गढूळ पाण्याच्या रंगाचे होते, आणि ते खाली वळायला तयार नव्हते. तिने साखळी खिशात टाकली.

"नाव काय?"

"मिर्को."

पुढच्या खेपेला तिने त्याच्या गाडीपुढची साखळी सोडली. तोवर तिची पाळीही संपली होती, त्यामुळे ती त्याच्याच पिकअपमध्ये बसून टेकडी चढली. पहारा ठेवायला, बरं का. दुसरं काही नाही.

मामा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. "सकाळी येणार होतास ना रे?"

"बोटीवर होतो," मिर्को म्हणाला. "बरीच हवा खाल्ली."

लिंबोणीची दशा बघवत नव्हती. निम्म्या फांद्या वाळलेल्या, सालीला भोकं, आणि भोकांखाली पिवळ्या भुशाचे ढीग. रिपेकाचं डोकं पुन्हा तापलं. "गेल्या वर्षी नोव्हेंबरात कोणीतरी हिची छाटणी केली. नोव्हेंबरात! खोडकिड्याचे भुंगेरे उडत असतात तेव्हा लिंबोणीला ओली जखम करायची नाही, हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही कळतं. जखमेतच तर ते अंडी घालतात. मी ऑकलंडला बहिणीकडे गेले होते, नाहीतर शिडीसकट ढकलला असता. कोण गाढव होता ते मामा सांगत नाही. पण सापडेल मला. खाडीत बुडवीन."

मामाला जोराचा खोकला आला. मिर्को बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या पायांत गमबूट होते आणि गमबुटाला नाडी नसते, हे खरं तर रिपेकाच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मिर्को उठला आणि त्याने खिशातून तार काढली. तार भोकात घालून आतली अळी टोचून मारायची, ही नेहमीची पद्धत. तो तार सरकवणार तोच रिपेकाने त्याचं मनगट धरलं.

"थांबा."

फांदीवर एक माशी बसली होती. गांधीलमाशीच्या जातीची, पण सडपातळ. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, पाय तांबडे, आणि मिशांवर मधोमध पांढरा पट्टा. मिशांनी ती फांदीवर टकटक करत चालली होती. दोन पावलं, टकटक. पुन्हा दोन पावलं. मग एका जागी थांबली, शेपटी उचलली आणि केसासारखी बारीक सुई सरळ लाकडात घालू लागली.

"ही तर इथे नेहमी असते," मामा म्हणाला.

"काय करते?" दोघांनी एकदमच विचारलं.

"मला काय विचारता? तिला विचारा."

मिर्कोने शेजारची एक वाळकी काटकी मोडून उभी चिरली. आत खोडकिड्याची पांढरी, जाड अळी होती. आणि तिच्या अंगाला दुसरी एक इवलीशी अळी चिकटलेली. मोठी सुरकुतत चालली होती, छोटी टपोरी होती.

दोघांची डोकी त्या काटकीवर इतकी जवळ आली की रिपेकाला त्याच्या शर्टाचा लाकडाच्या भुशाचा वास आला. तिने अजून त्याचं मनगट सोडलं नव्हतं. त्यानेही आठवण करून दिली नाही.

"तिची पिल्लं खोडकिडा खातात," ती कुजबुजली. "आत कोण लपलंय ते तिला बाहेरून कळतं."

"आणि कळलं की सोडत नाही."

"सोडायचं कशाला?" रिपेका म्हणाली आणि मामाकडे वळली. "मामा, झाड पाडायचं नाही. हिला तिचं काम करू दे."

"अगं, इस्टरला सगळं कुटुंब येणार. इथेच तंबू पडतो. पोराबाळांच्या डोक्यात फांदी पडली म्हणजे?"

"इस्टरपर्यंत. तेवढं दे मला."

मामा तिला लहानपणापासून ओळखत होता. एकदा ठरवलं की ही पोरगी भरतीच्या पाण्यालाही मागे फिरायला सांगेल. त्याने मान हलवली. "इस्टरच्या शनिवारी मी स्वतः एक फांदी मोडणार. आत जिवंत अळी निघाली, तर त्याच दिवशी झाड आडवं. नाही निघाली, तर छाटणी करून ठेवू. आणि हा पोरगा करवत घेऊन हजर पाहिजे. कबूल?"

"कबूल," रिपेका म्हणाली. मिर्कोही म्हणाला, आणि तिच्याआधी म्हणाला.

मग दर शनिवारी निळी पिकअप बोटीवर दिसू लागली. दुपारची पाळी संपली की दोघं झाडाशी. माशी ज्या फांदीत सुई घालेल, त्या फांदीला रिपेका हाराकेकेच्या हिरव्या पातीची गाठ बांधायची. याच पातीच्या टोपल्या विणायला तिला आईने शिकवलं होतं. गाठ असलेल्या फांदीला हात लावायचा नाही, कारण आत माशीची पिल्लं आहेत. बाकीच्या भोकांत मिर्कोने तार घालायची. ओली फांदी एकही कापायची नाही. काम कंटाळवाणं होतं, आणि ते कधी संपू नये असं दोघांनाही वाटत होतं.

"या बाजूला तुम्हाला दर शनिवारी बरं काम निघतं?" एकदा तिने बोटीवर विचारलं.

"निघतं."

"हौद्यात तर काही नसतं."

"बारीक काम असतं."

"कसलं?"

"तारेचं," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. ते लाल झालेले कान बघायला रिपेका आता काहीही विचारत असे.

मामा मध्येच डोकावायचा. "मीसुद्धा रोज झाडाला खत घालतो बरं का," तो अभिमानाने सांगायचा. ते खत तो सूर्य मावळल्यावर, इकडेतिकडे बघून, उभ्याउभ्याच घालायचा. होकियांगात लिंबोणी असलेल्या प्रत्येक घरातला पुरुष ही सेवा करतो, आणि प्रत्येक घरातली बाई त्यासाठी शिव्या घालते.

फेब्रुवारीत वादळाची शेपूट खाडीवरून गेली. पाऊस आडवा, वारा कौलं उचलणारा. रिपेका धावत झाडाशी आली तर मिर्को आधीच तिथे. शनिवार नव्हता तो! सगळ्यांत जास्त गाठी असलेली मोठी फांदी बुंध्याशी करकरत होती आणि त्याने ती खांद्यावर तोलून धरली होती. रिपेकाने मानुकाच्या लाकडाचा खांब आणून टेकू दिला, दोरीचे फेरे घातले. गाठ मारता मारता तिचे हात त्याच्या गळ्याभोवती आले. त्याच्या पापण्यांवरून पाणी टपकत होतं.

"रिपेका…"

"हं?"

"मला तुला एक सांगायचंय."

'तुला' म्हणाला तो. पहिल्यांदाच. "सांग ना."

त्याने खांद्यावरची फांदी टेकूवर सोडली. "…गाठ घट्ट बसली."

"एवढंच?"

"आत्ता एवढंच."

ती हसली, पण मनातून चिडली. प्रेमात पडली होती ती, चांगली गळ्यापर्यंत बुडाली होती, आणि हा बाबा गाठीबद्दल बोलत होता! ठीक आहे, ती मनाशी म्हणाली. इस्टरला झाड वाचू दे. मग याच्याकडून वदवून घेईन, नाहीतर मीच बोलेन.

इस्टरच्या शनिवारी रॉवीनच्या धक्क्यावर निळी पिकअप आली नाही. आली ती एक पांढरी व्हॅन. मागच्या डाव्या कोपऱ्यातला दिवा फुटलेला आणि त्या जागी लाल पट्टी चिकटवलेली.

रिपेकाने तो बंपर पाहिला आणि जागीच उभी राहिली.

हा बंपर तिला माहीत होता. गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात ऑकलंडला निघालेली ती पिशवी घेऊन पलीकडच्या धक्क्यावर थांबली होती. बोटीतून ही व्हॅन उतरली, तिच्या अंगावर चिखल उडवून टेकडीकडे वळली. टपावर शिडी होती. शिडीला छाटणीची लांब करवत बांधलेली होती.

व्हॅनची काच खाली आली. "पिकअप गॅरेजला पडलीय," मिर्को म्हणाला. "बाबांची गाडी घेऊन आलो. मशीन आणलंय. आज आपलं—"

तिचा चेहरा बघून तो थांबला.

तिने हाताने इशारा केला… पुढे, अजून पुढे, बस. मागे गाड्या घेतल्या. बोट सुटली, धक्का लांब गेला, चहूकडे पाणी झालं, तेव्हा ती त्याच्या खिडकीशी आली.

"तो गाढव तू होतास."

त्याने इंजिन बंद केलं. खाली उतरला, टोपी काढली. "हो."

"महिना चुकीचा आहे हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"माहीत होतं!" तिचा आवाज इतका चढला की टँकरवाल्याने काच वर केली. "माझ्या आईचं झाड, मिर्को! सगळा उन्हाळा मी तुझ्यासमोर त्या माणसाला शिव्या घातल्या, आणि तू तार घेऊन उभा!"

"दर शनिवारी सांगायचं ठरवून यायचो. वादळात तर तोंडापर्यंत आलं होतं. सांगितलं तर तू झाडाला हात लावू देणार नाहीस, असं वाटलं. आणि मला ते वाचवायचंच होतं. मी बिघडवलेलं मलाच सुधारायचं होतं."

"पण का केलंस?"

आता मात्र त्याचे डोळे खाली गेले. "गेली कितीतरी वर्षं मी या बोटीने जातो-येतो. तू फक्त टायर बघतेस. तुझ्या मामांनी विचारलं, छाटणी करतोस का, तंबूच्या दोऱ्या अडकतात. मी म्हटलं, हा महिना नाही. पण तुझं घर होतं ते. एकदा तरी तू गाडीकडे न बघता माझ्याकडे बघशील… म्हणून आलो. आणि तू त्याच बोटीने निघून गेलीस. मी आरशात पाहिलं. तुझ्या अंगावर चिखल उडाला होता, तोही माझ्यामुळेच."

बोट पलीकडे लागली. गाड्या उतरल्या. पांढऱ्या व्हॅनपुढची साखळी रिपेकाने सोडली नाही.

"रिपेका, मला उतरव. तुझ्या मामांना आज मी हजर पाहिजे. झाडाचं होऊ दे, मग मला खाडीत बुडव. मी स्वतः उडी मारतो."

तिचा हात साखळीवर, घट्ट. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याला दिसू नये म्हणून ती तिवरांकडे बघत होती. राग खरा होता. पण हा माणूस खांद्यावर फांदी घेऊन पावसात उभा होता, तेही खरं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असलं की माणसाने करायचं काय?

तेवढ्यात उतारावरून मामा येताना दिसला. हातात एक फांदी. पातीच्या सुकलेल्या गाठी तिच्यावर तशाच. धापा टाकत तो बोटीवरच चढला.

"तिथे मी वाट बघून वाळलो, आणि तुम्ही इथे जहाज-जहाज खेळताय? घ्या. शेवटी तुमच्याविनाच मोडली फांदी."

रिपेकाने फांदीकडे बोट केलं. "आणि?"

मामाने फांदी डेकवर टेकवली आणि चाकूने उभी चिरली. आतल्या बोगद्यात अळी नव्हती, नुसती वाळकी कातडी पडली होती. पुढच्या बोगद्यात तेच. त्याच्या पुढे कागदासारखा पातळ कोष, आणि त्यातून पांढऱ्या पट्ट्याच्या मिशा बाहेर आलेल्या. माशी सावकाश निघाली, पंख झटकले, आणि मिर्कोच्या बाहीवर चढली. दोन पावलं, टकटक.

"एक जिवंत अळी सापडली नाही," मामा म्हणाला. "जिंकलीस गं पोरी. झाड राहिलं."

रिपेका रडली आणि हसली, दोन्ही एकदमच. मग तिला राग आठवला. "मामा, तुला माहीत होतं ना? हाच तो नोव्हेंबरवाला."

मामाने खोकून पाहिलं, पण आज खोकला आला नाही. "त्याला कशाला बोलतेस? तो दोनदा नाही म्हणाला. मग मीच म्हटलं, छाट बाबा, माझी भाची चहा घेऊन येईल. लगेच शिडी लावली पठ्ठ्याने. तू ऑकलंडला जाणार हे मी साफ विसरलो होतो."

"म्हणजे मला चहाचं आमिष केलंस?"

"चहा मलाच करावा लागला," मामा म्हणाला. "पोराने तोंडसुद्धा लावलं नाही."

वर केबिनमध्ये तामाती इतका हसला की त्याचा हात भोंग्यावर पडला. रिपेकाने ओठ दाबून धरले, पण उपयोग झाला नाही. माशी अजून मिर्कोच्या बाहीवर टकटक करत होती, आणि त्याचे कान लालेलाल झाले होते.

"बघतोस काय," ती म्हणाली. "आत काय लपवलं होतंस ते तिलाही कळलं." आणि तिने साखळी सोडली.

एप्रिलचं ऊन मऊ होतं. भुंगेरे कधीच थांबले होते, आणि छाटणीचा महिना हाच होता. झाडाशी आल्यावर रिपेकाने खिशातून फडकं काढलं, त्यातली दातेरी साखळी मिर्कोच्या हातावर ठेवली. सगळा उन्हाळा तिने ती तेल लावून जपली होती. त्याने ती मशीनवर चढवली आणि ती दाखवेल तिथेच, तेवढंच कापलं. जखमांना तिने लेप लावला. गाठींच्या फांद्या जाळल्या नाहीत. उरलेल्या माशा बाहेर पडाव्यात म्हणून कुंपणाशी रचून ठेवल्या. झाड निम्मं झालं, पण बुंध्यापाशी तांबूस कोंब फुटले होते.

मिर्कोने मशीन बंद केलं. "आता दर शनिवारी कोणत्या निमित्ताने येऊ?"

रिपेकाने कुदळ उचलून त्याच्यापुढे धरली. "खड्डा करायला शिक."

"कसला खड्डा?"

"झाडाच्या या बाजूला माझी वार आहे," ती झाडाकडे बघत म्हणाली. "त्या बाजूची जागा रिकामी आहे… कोणाची तरी वार पुरली जाईलच. आपल्या पोराची पुरली, तर मला आवडेल."

कुदळ मिर्कोच्या पायावर पडली. त्याला ते कळलंही नाही. त्याने दोन्ही ओरखडलेल्या हातांनी तिचे ओरखडलेले हात धरले.

"रिपेका, म्हणजे तू… मला…"

"हो. पण आधी लग्न, मग खड्डा. आणि या खेपेला महिना चुकवायचा नाही."

"महिना तू सांग."

तिने झाडाकडे पाहिलं, ताज्या लेपाकडे पाहिलं, कुंपणावर ऊन खात बसलेल्या तांबड्या पायांच्या माशीकडे पाहिलं.

"मे," ती म्हणाली. "तेव्हा भुंगेरे नसतात."